दवाखाना लांब आणि डॉक्टर ओळखीचा

(धार व देवास येथील मराठी मंडळांच्या संयुक्त सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत नळाचे पाणी आहे, रस्ते आहेत, सभागृहाची दुरुस्ती आहे. त्यानंतर आम्हाला वेळ मिळाला आहे. विषय आरोग्याचाच आहे, पण ज्या मुलांच्या आरोग्याचा आहे त्यांचे नाव आपल्या सभांत सहसा निघत नाही. मुलगा की मुलगी या दोन रकान्यांत ज्यांचे मन बसत नाही, अशा आपल्या भागातील तरुणांना डॉक्टरांचा आणि समुपदेशकाचा सल्ला फोनवरून वा व्हिडिओवरून कसा मिळेल, आणि त्यासाठी आपण सरकारकडे काय मागावे, एवढेच आम्हाला बोलायचे आहे.

प्रथम ही मुले कोण, ते स्पष्ट करतो. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण कळू लागल्यापासून जी स्वतःला मुलगी समजतात, किंवा याच्या उलट, त्यांना आता पारलिंगी म्हणतात. काही जण स्वतःला दोन्हींत धरत नाहीत. समलिंगी व्यक्तींची गोष्ट वेगळी. तेथे प्रश्न आकर्षणाचा असतो, स्वतःच्या ओळखीचा नसतो. आपण मात्र या सर्वांना एकाच शब्दात गुंडाळतो आणि तो शब्द बहुधा टाळी वाजवून उच्चारतो.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील २९,५९७ आपल्या मध्य प्रदेशातील आणि ४०,८९१ महाराष्ट्रातील होत्या. गणना करणारा दारात येतो तेव्हा उत्तर घरातील कर्ता माणूस देतो. आपल्या मुलाचे नाव त्या रकान्यात घालणारे कर्ते किती असतील, हे आपणच मनाशी ठरवावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१९ मध्ये संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला व त्यात आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकली. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या नव्या रोगसूचीतून पारलिंगी असणे मनोविकारांच्या प्रकरणातून काढले. ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. म्हणजे कायद्याने आणि वैद्यकशास्त्राने आपले काम बरेच पुढे नेले आहे. अडले आहे ते दवाखान्याच्या दारात आणि आपल्या घराच्या दारात.

ओळखीचा गाव, ओळखीचा डॉक्टर

आपली बहुतेक घराणी पवारांच्या मागोमाग माळव्यात आली. पिढ्यानपिढ्या एकाच गल्लीत राहिलो. कोणाची मुलगी कोणत्या घरात दिली, कोणाचे आजोबा संस्थानात कोणत्या हुद्द्यावर होते, हे आपल्याला तोंडपाठ असते. अडीअडचणीला धावून येणारी ही ओळख आपली मोठी पुंजी आहे, यात शंका नाही.

पण सतरा वर्षांच्या अशा मुलाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहू. त्याला रात्र रात्र झोप येत नाही. आवाज फुटला, दाढी आली, आणि आरशात पाहणे नको झाले आहे. कोणाशी तरी बोलायला हवे. घराचा डॉक्टर काकांचा वर्गमित्र. औषधाचे दुकान मावशीच्या दिराचे. सरकारी दवाखान्यात चिठ्ठी फाडणारा वडिलांना ‘साहेब’ म्हणून नमस्कार करणारा. बाकावर शेजारच्या काकू बसलेल्या. ज्या ओळखीचा आपल्याला आधार वाटतो, तीच या मुलापुढे भिंत होऊन उभी राहते.

जिल्ह्याच्या टोकाला राहणाऱ्यांना अंतराचीही अडचण आहे. देवासचे मूल इंदूरला तासाभरात पोहोचते. कुक्षीहून इंदूर म्हणजे दीडशे किलोमीटरच्या घरात. जाण्यायेण्यात दिवस जातो, भाडे जाते, मजुरी बुडते, आणि घरी कारण सांगावे लागते ते वेगळेच. आपल्या मराठी घरांपेक्षा कुक्षी, मनावर, गंधवानी किंवा इकडे बागली भागातील आदिवासी कुटुंबांच्या मुलांचे हाल अधिक आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपण मागणी करू ती त्यांच्यासहित करू.

दूरवरच्या सल्ल्याची मराठी परंपरा

फोनवरून कसला सल्ला, असे ज्येष्ठ मंडळींना वाटेल. त्यांना आम्ही रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण करून देतो. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरे असत. जे घरात विचारता येत नव्हते, वैद्याला विचारता येत नव्हते, ते माणसे पत्रात विचारीत, आणि कर्वे शास्त्राला धरून, कोणतीही टवाळी न करता उत्तर देत. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकात वाचकांच्या त्याच विषयावरील शंकांना उत्तर देणे अश्लील कसे ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरीही मासिक बंद पडले नाही.

पुढे २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला, हेल्पलाइन चालवली आणि या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली. समोरासमोर जे बोलवत नाही ते दुरून बोलवते, हा आपल्याच भाषेतला शंभर वर्षांचा अनुभव आहे. पोस्टाच्या पेटीची जागा आता मोबाईलने घेतली, इतकाच फरक.

आज कोणती दारे उघडी आहेत

आपल्या देशात डॉक्टरांनी दुरून सल्ला द्यावा की नाही याबद्दल बरीच वर्षे संदिग्धता होती. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, टेलिमेडिसिनचे नियम प्रसिद्ध झाले. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, फोन किंवा लेखी संदेश यांपैकी कोणत्याही मार्गाने सल्ला देऊ शकतो, मात्र कोणती औषधे पहिल्याच भेटीत लिहायची, कोणती फक्त पुढच्या भेटीत आणि कोणती मुळीच लिहायची नाहीत याचे बंधन त्याच्यावर आहे. अंमली स्वरूपाची औषधे दुरून देता येत नाहीत. रुग्ण अज्ञान असेल तर सोबत एक प्रौढ व्यक्ती लागते आणि तिची ओळख पटवावी लागते.

या नियमांच्या आधारे सामान्य माणसासाठी तीन दारे आहेत.

पहिले ‘टेली-मानस’. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, हिंदीत बोलता येते आणि मराठीतही. बंगळूरची निम्हान्स ही संस्था तिचे मार्गदर्शन करते. ज्या मुलाचा जीव घाबरा झाला आहे, ज्याच्या मनात नको ते विचार येत आहेत, त्याने सर्वप्रथम हे दार ठोठवावे. या क्रमांकाची पट्टी मंडळाच्या फलकावर आजच लावावी, ही आमची पहिली विनंती.

दुसरे ‘ई-संजीवनी’ची ओपीडी. १३ एप्रिल २०२० रोजी ती सुरू झाली. मोबाईल क्रमांकाने नोंदणी करायची, टोकन घ्यायचे, डॉक्टर पडद्यावर येतो, चिठ्ठी मोबाईलवरच मिळते. तिसरे दारही ई-संजीवनीचेच, पण गावच्या उपकेंद्रातले, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथील आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी जोडून देतो. २०२३ च्या सुरुवातीलाच ई-संजीवनीवरील सल्ल्यांची संख्या देशभरात दहा कोटींवर गेली. तेव्हा ही कागदावरची योजना आहे असे कोणी म्हणू नये.

दुरून काय होते आणि काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. पहिले बोलणे, मनाचा आधार, आई-वडिलांची समजूत, योग्य डॉक्टरचा पत्ता, रक्ततपासणीचा अहवाल दाखवणे, चालू औषधाची चौकशी, हे सारे दुरून उत्तम होते. अंगाची तपासणी, शस्त्रक्रिया आणि तातडीची स्थिती यांना प्रत्यक्ष रुग्णालयच हवे.

औषधांबाबत विशेष सावध करतो. डॉक्टरपर्यंत पोहोचता येत नाही तेव्हा ही मुले ऐकीव माहितीवर स्वतःच औषधे घेतात. मुलगी म्हणून जगू इच्छिणारी काही जणे गर्भनिरोधक गोळ्या भरमसाट घेतात. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि त्या फुप्फुसात गेल्या तर जिवावर बेतते. मुलगा म्हणून जगू इच्छिणारे काही जण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. त्याने रक्त दाट होऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हीच संप्रेरके मोजून मापून, ठरावीक काळाने रक्त तपासून दिली जातात. ती तपासणी धार-देवासच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. अहवाल मात्र जाणकार डॉक्टरांनी पाहिला पाहिजे, आणि तो पाहायला डॉक्टर धारमध्येच असण्याची गरज नाही.

गाडी कुठे अडते

इतके असूनही ही मुले या दारांपर्यंत का पोहोचत नाहीत? आम्हाला चार कारणे दिसतात.

पहिले कारण मोबाईलचे. नोंदणीसाठी ओटीपी येतो तो वडिलांच्या क्रमांकावर. चिठ्ठी उतरते ती घरच्या एकाच मोबाईलमध्ये. आणि बोलायचे कुठे? आपल्या जुन्या वाड्यांत माजघरात बोललेले ओसरीवर ऐकू जाते. कडी लावून बसलेल्या मुलाला दहा मिनिटांत हाक येते.

दुसरे कारण पलीकडच्या माणसाचे. कॅमेऱ्यासमोर बसलेला डॉक्टर किंवा उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी हसला, किंवा ‘लग्न कर, सगळे ठीक होईल’ म्हणाला, तर ते मूल पुन्हा फोन करत नाही. अशा मुलांना ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणातून हे निघाले. ‘बदलून देतो’ म्हणून पैसे घेणाऱ्या कोणाच्याही मागे आपल्यापैकी कोणी लागू नये.

तिसरे कारण कागदांचे. आम्ही बँकेत लिपिक आहोत, म्हणून हे जवळून ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेने २३ एप्रिल २०१५ रोजी सर्व बँकांना अर्जांत तृतीयलिंगी असा पर्याय ठेवण्यास सांगितले. पण आधारवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे आणि माणूस समोर तिसराच दिसतो, तेव्हा काउंटरवर खोळंबा होतोच, आणि मागच्या रांगेतले कान टवकारतात. योजनांचेही तसेच. २०२० च्या नियमांनी कलेक्टरांकडे ऑनलाइन अर्ज करून ओळखपत्र मिळण्याची सोय केली. ऑगस्ट २०२२ मध्ये अशा प्रमाणपत्रधारकांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा करार झाला. सारा डोलारा त्या एका प्रमाणपत्रावर उभा आहे. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी सामाजिक न्याय विभागात ताजी माहिती घ्यावी, आणि मुलासोबत घरचे कोणी गेले तर काम निम्मे हलके होते.

चौथे कारण असे की सेवा टिकत नाहीत. पारलिंगी व्यक्तींसाठीचे ‘मित्र’ हे दवाखाने हैदराबादेत, पुण्यात व कल्याणला २०२१ मध्ये सुरू झाले. ते अमेरिकी मदतीवर चालत. २०२५ च्या सुरुवातीला ती मदत थांबली आणि तिन्ही बंद पडले. हैदराबादचा पुढे टाटा ट्रस्टच्या साहाय्याने नव्या नावाने उघडला. यातून आम्ही असे समजतो की परक्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी प्यावे याला मर्यादा आहे. जे सरकारी दवाखान्याच्या रोजच्या कामात बसेल तेच टिकेल.

शंका आणि उत्तरे

काही मंडळी म्हणतील, हे पश्चिमेचे खूळ मोबाईलमधून आले. १९९८ ते २००३ च्या आपल्या राज्याच्या विधानसभेत शबनम मौसी सोहागपूरच्या आमदार होत्या. त्यांना निवडून देणारे मतदार खेड्यापाड्यांतील होते. त्यांनी मोबाईल पाहून मत दिले नव्हते.

काही म्हणतील, कोवळ्या वयातील मुलाच्या हाती औषधे पडतील. ही भीती रास्त आहे. अठराच्या आतील मुलांना कोणती औषधे द्यावीत याबद्दल जगभरच्या डॉक्टरांत मतभेद आहेत आणि ब्रिटनसारख्या देशाने २०२४ मध्ये त्यावर कडक बंधने घातली. पण आम्ही मागतो ते या वयात औषध नव्हे. मुलाचे बोलणे शांतपणे ऐकून घेणारे, शिकलेले माणूस आम्ही मागतो. आणि नियमाप्रमाणे अज्ञान मुलासोबत प्रौढ लागतोच. तो प्रौढ आईच असावी, वडीलच असावेत, आजी असावी. मुलाने त्यासाठी परक्याचा हात धरू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी स्वतः शेजारी बसावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कोणी राग मानू नये. आपल्याकडे या प्रश्नावर हमखास काढला जाणारा तोडगा म्हणजे लग्न. पत्रिका जुळवतात, कार्यालय ठरवतात आणि दुसऱ्या घरची एक अजाण मुलगी आणून त्या मुलासमोर उभी करतात. त्यात दोन आयुष्ये नासतात आणि दोन घरे तोंड लपवतात. मुलगी असेल तर तिची अवस्था याहून वाईट, कारण तिला विचारतच नाहीत. अब्रूचा हिशेब करायचा असेल तर पुरा करावा. मूल घर सोडून गेले, किंवा जीव देऊन बसले, तर कोणती अब्रू उरते?

आपण काय करावे

आपले हे पत्रक राजकीय आहे, म्हणून शेवट मागण्यांनीच करतो. रुग्ण कल्याण समिती ही कल्पना आपल्या शेजारच्या इंदूरची. १९९४-९५ च्या सुमारास महाराजा यशवंतराव रुग्णालयात लोकसहभागातून ती उभी राहिली आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर गेली. सरकारी दवाखान्यात नागरिकांचे म्हणणे मांडण्याची ही हक्काची जागा आहे. धार व देवासच्या जिल्हा रुग्णालयांच्या समित्यांकडे दोन्ही मंडळांनी मिळून पुढील निवेदन द्यावे, असा ठराव आम्ही मांडतो.

एक, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेली वेळ अशी असावी की त्या वेळी या विषयाचा जाणकार डॉक्टर ई-संजीवनीवर उपलब्ध राहील. मेडिकल कॉलेज इंदूरला आहे. तेथील मानसोपचार व संप्रेरकशास्त्राच्या तज्ज्ञांना जोडून घ्यावे.

दोन, आरोग्य मंदिरांतील अधिकाऱ्यांना व आशा कार्यकर्त्यांना या मुलांशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण द्यावे. नाव पुकारण्याऐवजी टोकन क्रमांक पुकारावा. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

तीन, उपकेंद्रात फोनवर बोलण्यासाठी दार लागणारी एक खोली असावी. पडद्याआडची जागा पुरेशी नाही.

चार, किशोरवयीनांसाठी २०१४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात समुपदेशकाने शाळेत जाऊन १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लिहून द्यावा. ज्याला हवा तो टिपून घेईल. कोणाकडे बोट दाखवण्याची गरज नाही.

यापुढच्या निवडणुकीत जो उमेदवार आपल्या ओसरीवर मत मागायला येईल, त्याला नळाचे विचारा, रस्त्याचे विचारा, आणि या चार गोष्टींचेही विचारा. आपली घरे संख्येने थोडी असली तरी मतदानाला एकगठ्ठा बाहेर पडतात, हे सर्व पक्षांना ठाऊक आहे.

मंडळाने स्वतः करण्याजोगे एक काम आहे. आपल्या वाचनालयाची मागची खोली दुपारी रिकामी असते. आठवड्यातून दोन दुपारी ती अभ्यासाची खोली म्हणून कोणत्याही तरुण मुला-मुलीला एकट्याने वापरू द्यावी, आतून कडी असावी आणि कोण कशासाठी आले याची वही ठेवू नये. कोणी परीक्षेचा अभ्यास करील, कोणी नोकरीची मुलाखत फोनवर देईल, कोणी डॉक्टरांशी बोलेल. चौकशी करायची नाही, एवढा एकच नियम.

आणि घरात? घरात मूल काही सांगू लागले तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. लगेच उत्तर सुचले नाही तरी चालेल. ‘उद्या पुन्हा बोलू, आम्ही आहोत’ इतके म्हणता आले तरी पुष्कळ झाले. पुढचे काम डॉक्टर करतील, आणि तो डॉक्टर आता एका फोनच्या अंतरावर आहे.

ठरावाला अनुमोदन देण्यासाठी कोणी ज्येष्ठांनी पुढे यावे, अशी विनंती करतो.